घटनेत धर्मस्वातंत्र्य, तरी धर्म सोडणाऱ्यावर खटला: हे घडतं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अमेरिका आणि तिच्या मित्रराष्ट्रांच्या फौजा देशात असताना अफगाणिस्तानला २००४ मध्ये आणि इराकला २००५ मध्ये नवी लोकशाही घटना मिळाली. दोन्हींत मानवी हक्कांची भाषा आहे. तरीही २००६ मध्ये काबूलमध्ये अब्दुल रहमान नावाच्या माणसावर ख्रिस्ती झाल्याबद्दल खटला उभा राहिला आणि फाशीची मागणी झाली. मग घटना धाब्यावर बसवली गेली, की ती मुळातच दिखाऊ होती? आणि ज्यांच्या पैशावर ते सरकार चालत होतं, त्यांनी ‘धर्म बदलण्याचा हक्क आहे’ एवढी एक ओळ का घालून घेतली नाही? तुम्ही एलएलएमच्या प्रबंधासाठी विचारताय, म्हणून जरा पाल्हाळ लावते.

आधी मी कुठून बोलतेय ते सांगते. मी वकील आहे आणि दिल्लीत अफगाण, इराणी, इराकी आश्रयार्थींच्या फायली तयार करण्याचं काम बरीच वर्षं करते. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे या लोकांच्या अर्जांची छाननी संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित कार्यालय करतं. धर्म बदललेल्या माणसाची कहाणी तिथे कायद्याच्या पुस्तकापासून सुरू होत नाही. सासर, भाऊबंद, वडिलोपार्जित घर, मुलं इथून ती सुरू होते. माझं उत्तर त्या अंगाने जाणार. एखादा घटनातज्ज्ञ दुसऱ्या टोकाने सुरुवात करेल. आणि ‘तिकडे काय होतं’ याचं एकच उत्तर नाही. वर्ष कोणतं, काबूल की दूरचा जिल्हा, पुरुष की बाई, आणि मुख्य म्हणजे तक्रार कोणी केली, यावर माणसाचं काय होणार ते ठरायचं.

तुमच्या प्रश्नात एक गृहीत आहे: धर्मत्यागाला शिक्षा सांगणारं एखादं कलम असणारच. शोधून बघा, सापडणार नाही. त्या वेळी लागू असलेल्या १९७६च्या अफगाण दंडसंहितेत धर्मत्याग हा गुन्हा म्हणून लिहिलेला नाही. इराकच्या १९६९च्या दंडसंहितेतही नाही. मग सरकारी वकील कशाच्या जोरावर उभा राहिला? अफगाण दंडसंहितेच्या पहिल्याच कलमाच्या जोरावर. ते म्हणतं की ही संहिता फक्त ताझीर गुन्ह्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांची शिक्षा राज्याने ठरवायची अशांसाठी. हुदूद (धर्माने शिक्षा ठरवून दिलेले), किसास (जशास तशी शिक्षा असलेले) आणि दियतचे (रक्ताच्या भरपाईचे) गुन्हे हनफी फिक्हप्रमाणे, म्हणजे सुन्नी इस्लाममधल्या हनफी पंथाच्या धर्मशास्त्राप्रमाणे, चालतील. त्याला जोड घटनेच्या १३०व्या कलमाची: घटनेत किंवा कायद्यात तरतूद नसेल तिथे न्यायालयाने घटनेच्या मर्यादेत राहून हनफी फिक्हनुसार निवाडा करावा. आणि वरून तिसरं कलम: इस्लामच्या श्रद्धा आणि नियमांच्या विरुद्ध कोणताही कायदा असू शकत नाही.

आता याच घटनेतली उलटी कलमं बघा. सातव्या कलमात मानवी हक्कांचा जाहीरनामा पाळण्याचं वचन आहे, आणि त्या जाहीरनाम्याच्या अठराव्या अनुच्छेदात धर्म बदलण्याचं स्वातंत्र्य नावानिशी आहे. सत्ताविसावं कलम म्हणतं की आधी जाहीर झालेल्या कायद्याने गुन्हा ठरवलेला नसेल तर कृत्य गुन्हा नाही. एखाद्या हुशार वकिलाने या दोन कलमांवर खटला पहिल्याच दिवशी पाडायला हवा होता. पण तिसरं कलम आणि सातवं कलम यांची टक्कर झाली तर कोणतं वरचढ, हे घटनेत कुठेच लिहिलेलं नाही. ते विसरून राहिलेलं नाही. ते लिहिलं असतं तर घटना मंजूरच झाली नसती.

दुसऱ्या कलमाची शब्दयोजना प्रबंधात जरूर घ्या, तिकडे लोकांचं लक्ष जात नाही. इतर धर्मांचे अनुयायी कायद्याच्या मर्यादेत आपले धार्मिक विधी करायला मोकळे आहेत, असं ते सांगतं. म्हणजे हिंदू, शीख यांच्यासाठी एक सोय झाली. जो काल मुसलमान होता आणि आज नाही, तो या वाक्यात कुठे बसतो? कुठेच नाही. हे स्वातंत्र्य समाजाला दिलेलं आहे, माणसाला नाही.

इथे हनफी फिक्हबद्दल थोडं, कारण आपल्याकडच्या लेखांत त्याची फारच सरधोपट मांडणी होते. धर्म सोडलेल्या पुरुषाला तीन दिवसांची मुदत द्यावी, त्याच्या शंका ऐकून घ्याव्यात, तरीही परतला नाही तर मृत्युदंड, ही अभिजात भूमिका आहे, यात लपवण्यासारखं काही नाही. पण हनफी पंथात बाईला मृत्युदंड नाही, ती परतेपर्यंत कैद. हा फरक का? अकराव्या शतकातल्या सरख़्सीसारख्या हनफी पंडिताचं उत्तर असं की श्रद्धा सोडणं हा माणूस आणि ईश्वर यांच्यातला मामला, त्याचा हिशोब परलोकात. इथली शिक्षा आहे ती शत्रूला जाऊन मिळण्याच्या, लढाईच्या धोक्यापोटी, आणि बाई लढाईला उतरत नाही. म्हणूनच हिदायासारख्या हनफी ग्रंथात मुर्तदाचे, म्हणजे धर्म सोडणाऱ्याचे, नियम हुदूदच्या प्रकरणात नाहीतच, ते युद्ध आणि परराष्ट्रसंबंधांच्या प्रकरणात येतात. मग दंडसंहितेचं पहिलं कलम जर हुदूद, किसास, दियत एवढ्यांपुरतंच फिक्हकडे बोट दाखवत असेल, तर धर्मत्याग त्यात बसतो का? हा युक्तिवाद काबूलच्या न्यायालयात त्यांच्याच भाषेत करता आला असता, आंतरराष्ट्रीय मानवी हक्कांचं नाव न घेता. बाहेरून आलेल्या सल्लागारांपैकी किती जणांनी हिदाया उघडून बघितला असेल, याबद्दल मला शंका आहे.

अर्थात युक्तिवाद ऐकायला समोर कोण बसलंय, यावर सगळं. २००६ मध्ये सरन्यायाधीश होते फज़ल हादी शिनवारी, जुन्या वळणाचे मौलवी, आधुनिक कायद्याचं शिक्षण नसलेले. त्याच वर्षी संसदेने त्यांची फेरनियुक्ती नाकारली आणि कायद्याचे शिकलेले अब्दुल सलाम अज़ीमी आले. बाहेरच्या जगाने सुटकेचा निःश्वास टाकला. पण २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच फतवा विभागाने बहाई पंथ इस्लामबाह्य आणि त्यात गेलेले मुर्तद, असं मत दिलं. आणि परवेझ कांबख़्श या बल्खच्या विद्यार्थी-पत्रकाराला, इस्लाममधल्या स्त्रियांच्या स्थानाबद्दलचा इंटरनेटवरचा मजकूर वाटल्याच्या आरोपावरून, जानेवारी २००८ मध्ये वकिलाविना झालेल्या सुनावणीत फाशी सुनावली गेली. अपिलात ती वीस वर्षांवर आली आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम केली. खुर्चीवरचा माणूस बदलल्याने शैली बदलली, पण रिकामी जागा भरायची ती फिक्हनेच, हे ठरलेलंच राहिलं.

आता अब्दुल रहमानकडे येऊ. त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो पेशावरमध्ये मदतसंस्थेत काम करताना, खटल्याच्या सोळा-एक वर्षं आधी. मधली काही वर्षं जर्मनीत काढून तो २००२ मध्ये परतला. इतका काळ राज्याला त्याच्या श्रद्धेशी काही देणंघेणं नव्हतं. प्रकरण पेटलं ते आजी-आजोबांकडे वाढलेल्या त्याच्या दोन मुलींच्या ताब्यावरून. घरच्यांनी सांगितलं, हा मुर्तद आहे, याला मुली देऊ नका. ताब्याचा वाद गेला बाजूला, फौजदारी खटला उभा राहिला.

माझ्या फायलींतही हेच येतं. एका अर्जदाराला, नाव-गाव सांगत नाही, मेहुण्याचा पहिला निरोप आला तो ठार मारण्याचा नव्हता. ‘तुझा निकाह संपलाय, बहिणीला घेऊन जायला येतोय,’ असा होता. दुसरा निरोप भावाचा, वडिलांच्या दुकानातला हिस्सा आता विसर म्हणून. धमकी तिसऱ्या निरोपात आली, तीही त्याने दुकानाचा विषय काढल्यावर. मुलाखत घेणारे अधिकारी धमकीची तारीख विचारतात. मी त्यांना पहिल्या दोन निरोपांपाशी थांबवते, कारण फिक्हप्रमाणे धर्म सोडताच विवाह तुटतो आणि वारसा जातो, आणि त्यासाठी कुठल्या न्यायाधीशाची वाट बघावी लागत नाही.

मराठी वाचकाला यात परकं वाटू नये. मुंबईत १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी हे पारशी तरुण ख्रिस्ती झाले, तेव्हा समाज न्यायालयात गेला तो हेबिअस कॉर्पससाठी, मुलगा आमच्या ताब्यात द्या म्हणून. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या लहान मुलाचं प्रकरण तसंच. न्यायालयाने त्याला वडिलांकडे पाठवलं आणि त्याला जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष पत्करला. धर्मांतर न्यायालयात येतं ते बहुधा कुणाच्या तरी ताब्याच्या, लग्नाच्या किंवा वाट्याच्या दाव्याचा हात धरून.

खटल्याचा शेवट तुम्हाला माहीत असेल. जर्मनी, इटली, कॅनडा, अमेरिका, ज्यांचे सैनिक तिथे होते त्या सगळ्यांनी अफगाण अध्यक्ष करझाईंवर दबाव आणला. पुराव्यात त्रुटी आणि मानसिक अवस्थेबद्दल शंका, असं कारण निघालं. हेही फिक्हमधूनच आलेलं, कारण वेड्याला शिक्षा नाही आणि संशय असेल तिथे कठोर शिक्षा टळते. मझार-ए-शरीफमध्ये निदर्शनं झाली, संसद त्याला देशाबाहेर जाऊ देऊ नका म्हणत होती, आणि २९ मार्च २००६ रोजी तो इटलीत पोहोचला होता. कांबख़्शलाही २००९ मध्ये करझाईंनी माफी दिली आणि तोही परदेशी गेला. म्हणजे माणूस सुटला, कायदेशीर प्रश्न जिथल्या तिथे. कोणत्याही निकालपत्रात ‘धर्म सोडणं हा गुन्हा नाही’ असं आलं नाही, त्यामुळे पुढच्या माणसाला दाखवायला हातात काही नव्हतं. उलट वेडा ठरून सुटलेल्याचं उदाहरण मात्र कायमचं झालं. माझा या ‘विमानतळी तोडग्या’वर राग आहे, पण त्या माणसाच्या जागी माझा अशील असता तर मीही तोच घेतला असता.

मग ती एक ओळ का घातली नाही? अफगाणिस्तानात ५०२ प्रतिनिधींच्या लोया जिर्ग्याने, म्हणजे महासभेने, जानेवारी २००४ मध्ये घटना संमत केली. मुजाहिद गटांचे नेते, उलेमा म्हणजे धर्मपंडित, परतलेले तंत्रज्ञ सगळे त्यात होते. अमेरिकेला तेव्हा हवी होती मजबूत अध्यक्षपद्धती आणि लवकर निवडणूक. देवघेवीत ज्याची किंमत लगेच मोजावी लागत नाही ते आधी सोडलं जातं. अमेरिकेच्याच धर्मस्वातंत्र्य आयोगाने तिसऱ्या कलमाबद्दल वेळीच इशारा दिला होता. तो कागदावर राहिला. इराकमध्ये अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी इस्लामला कायद्याचा मुख्य आधार करायला आपली संमती मिळणार नाही, असं सूचित केलं होतं. पण त्याआधीच, जून २००३ मध्ये, तिथले बडे शिया धर्मगुरू आयातुल्ला सिस्तानींनी फतवा काढून घटना निवडून आलेल्या इराकींनीच लिहावी असं बजावलं होतं, आणि ते टाळणं कोणालाच जमलं नाही. लोकांच्या प्रतिनिधींना घटना लिहू द्यायची आणि त्यांच्या हातून नकोसं कलमही लिहून घ्यायचं, या दोन्ही गोष्टी एकदम होत नाहीत.

ओळ घातली असती तरी काय झालं असतं, याचा अंदाज आपल्या इतिहासातून येतो. १८५०च्या एकविसाव्या कायद्याने कंपनी सरकारने ठरवलं की धर्म किंवा जात गेल्यामुळे वारसाहक्क जाणार नाही. तत्त्व म्हणून आज त्यात खोट काढता येणार नाही. पण तो आला मिशनऱ्यांच्या पाठीराख्या वाटणाऱ्या सरकारकडून, आणि १८५७ आधीच्या असंतोषाच्या यादीत जाऊन बसला. परक्याच्या हातून आलेला धर्म सोडण्याचा हक्क हा धर्म बुडवण्याचा डाव वाटतो. काबूलमध्ये तर मदतसंस्थांवर धर्मप्रसाराचा आरोप आधीपासून होता.

याउलट १९३९ बघा. धर्म सोडला की निकाह आपोआप तुटतो, या नियमाचा आधार घेऊन नवऱ्याच्या जाचातून सुटण्यासाठी मुसलमान स्त्रिया धर्मांतर करू लागल्या होत्या. देवबंद परंपरेतल्या अशरफ अली थानवींनी इतर उलेमांच्या सल्ल्याने मालिकी या दुसऱ्या सुन्नी पंथाच्या फिक्हमधून स्त्रीला घटस्फोट मागण्याची वाट काढून दिली. त्या वर्षीच्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात चौथं कलम आलं की विवाहित मुसलमान स्त्रीने इस्लाम सोडला एवढ्यानेच विवाह तुटत नाही. उलेमांचा हेतू स्त्रियांनी धर्मात राहावं हा होता, स्वातंत्र्य वगैरे नव्हे. पण बदल आतून आला आणि टिकला. ट्युनिशियात २०१४ मध्ये घटना समितीतल्या एका डाव्या सदस्याला दुसऱ्या सदस्याने इस्लामचा शत्रू म्हटल्यावर त्याच्या जिवावर बेतलं. त्या धक्क्याने सहाव्या कलमात सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याबरोबर तकफीरवर, म्हणजे कोणाला काफिर जाहीर करण्यावर, बंदी आली. ती घटना २०२२ मध्ये गेली, हेही सांगायला हवं. तुमचे गाइड जपानचं उदाहरण पुढे करतील, युद्धानंतर अमेरिकी जनरल मॅकआर्थरने धर्म आणि राज्य वेगळं केलंच की म्हणून. ते बिनशर्त शरणागतीनंतर झालं होतं. बगदाद आणि काबूलमध्ये सत्ता गेली तरी मशिदीची सत्ता शाबूत होती.

इराकबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण तिथे हा प्रश्न फाशीशिवाय उभा आहे. दुसऱ्या कलमात तीन मनाया शेजारी शेजारी आहेत: इस्लामच्या प्रस्थापित नियमांविरुद्ध कायदा नको, लोकशाहीच्या तत्त्वांविरुद्ध नको, घटनेतल्या हक्कांविरुद्ध नको. बेचाळिसाव्या कलमात विचार, सदसद्विवेक आणि श्रद्धेचं स्वातंत्र्य प्रत्येक व्यक्तीला दिलंय. अफगाण घटनेपेक्षा हे बरंच पुढचं. मग अडतं कुठे? नोंदणी कचेरीच्या खिडकीवर. राष्ट्रीय ओळखपत्राच्या कायद्याचं सव्विसावं कलम बिगरमुसलमानाला धर्म बदलायची मुभा देतं. उलट दिशेची वाटच त्यात नाही. आईबापांपैकी एकाने इस्लाम स्वीकारला की अज्ञान मुलं आपोआप मुसलमान. नव्या कार्डाच्या दर्शनी बाजूवर धर्म छापत नाहीत, पण चिपमधल्या माहितीत तो असतोच.

या एका नोंदीचे परिणाम बघा. मुसलमान म्हणून नोंदलेली बाई मनाने ख्रिस्ती झाली, तरी ख्रिस्ती पुरुषाशी तिचं लग्न कायद्याने लागत नाही. तिचं मूल मुसलमान म्हणूनच नोंदलं जातं. सर्वांत क्रूर परिणाम यझिदी या अल्पसंख्य धर्मातल्या स्त्रियांच्या वाट्याला आला: आयसिसच्या कैदेत बलात्कारातून झालेली मुलं मुसलमान म्हणून नोंदली जाऊ लागली, आणि त्यामुळे आईला मूल की आपला समाज, यातून एक निवडावं लागलं. हे कलम २०१५ मध्ये संसदेत आलं तेव्हा ख्रिस्ती, यझिदी, मंडाई अशा अल्पसंख्य धर्मांच्या सगळ्यांनी विरोध केला होता. कुणाला अटक नाही, खटला नाही, जगभर बातमी नाही. म्हणून कोणत्या पंतप्रधानाचा फोनही नाही.

आश्रयाच्या कामात यामुळेच मला नेहमी एका मुद्द्यावर भांडावं लागतं. देशस्थितीच्या अहवालात ‘धर्मत्यागासाठी फाशी झाल्याची नोंद नाही’ असं वाक्य असतं, आणि २००४ ते २०२१च्या अफगाण प्रजासत्ताकाबद्दल ते खरंही आहे. त्यावरून ‘गप्प राहिलात तर धोका नाही’ असा निष्कर्ष काढतात. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ५ सप्टेंबर २०१२ रोजी पाकिस्तानातल्या अहमदिया पंथीयांच्या प्रकरणात स्पष्ट केलं की धार्मिक आचरण टाळून धोका टाळा, अशी अपेक्षा अर्जदाराकडून करता येत नाही. हा निकाल तुम्ही वाचाच. भारतात तो बंधनकारक नाही, पण त्याची विचारसरणी अर्जात वापरता येते आणि मी वापरते.

प्रबंधापुरतं सांगायचं तर शीर्षकातून ‘धर्मत्यागाचे कायदे’ हे शब्द काढा, नाहीतर परीक्षक पहिल्याच पानावर विचारेल की कायदा दाखवा. अफगाणिस्तानच्या भागात २, ३, ७, २७ आणि १३० ही कलमं एकत्र ठेवून वाचा, आणि १९६४ची घटनाही शेजारी ठेवा. कायदा नसेल तिथे हनफी फिक्ह ही तरतूद राजेशाहीच्या काळातली आहे, अमेरिकनांनी आणलेली नाही. ऑगस्ट २०२१ नंतरचा काळ यात मिसळू नका. तालिबानने ती घटनाच बाजूला ठेवल्यामुळे तुमचा मूळ प्रश्न, दोन कलमांच्या टकरीचा, तिथे आता उरत नाही. इराकचं प्रकरण मात्र आधी लिहायला घ्या. तिथली घटना चालू आहे, आणि जानेवारी २०२५ मध्ये १९५९च्या कौटुंबिक कायद्यात दुरुस्ती होऊन धर्मपंथाच्या नियमांना आणखी जागा मिळाली आहे. म्हणजे लग्न आणि ताबा, जिथून हे खटले निघतात, तोच भाग सध्या हलतोय.